लाईमा आणि सहावीचा कागद

चैत्र शुद्ध ६, शके १७१६

आज तिसरा दिवस! फिरंगी विधवेकडून तोफेची कृती उतरून घ्यायची, आणि कागदावर उतरलं काय — "तांबं चांगलं पाहिजे." हे सांगायला समुद्रापलीकडून माणूस आणायला नको होतं. आमच्या आळीतला तांबटही सांगेल, आणि वर पान खायला घालेल.

तोफा ओतायच्या कारखान्याचे कारभारी हिंदुराव म्हणाले, "आपण दुभाषे ना? मग बोलतं करा तिला." बोलतं काय करायचं! बाई अखंड बोलते. गोव्यात पाच वर्षं काढल्येत, तिची फिरंगी भाषा मासळीबाजारातली. मी बारदेशात लहानपणी पाद्र्यापाशी शिकलो ती निराळी. निम्मं कळतं, निम्मं अंदाजानं.

तिचा नवरा कारखान्याचा मुख्य ओतारी होता. पौषात तापानं गेला. मापं सगळी त्याच्या डोक्यात, ती त्याच्याबरोबर गेली. पण ही पंधरा वर्षं त्याच्या शेजारी भात्यापाशी उभी होती, हिला सगळं पाठ आहे म्हणतात. लिहिता-वाचता येत नाही. म्हणून मी.

नाव इल्झे. आळीनं त्याचं इळजाबाई करून टाकलंय. मुलूख कुर्लांद. कुठे आला हा कुर्लांद, विचारलं तर बोट आढ्याकडे केलं. "वर. बर्फात." झालं, लिहून घेतलं.

चैत्र शुद्ध ७

जाताना बाजारातून कैऱ्या घेतल्या होत्या, उपरण्यात बांधलेल्या. कुटुंबाला नववा लागलाय, तिला दुसरं काही गोड लागत नाही. इळजाबाईनं गाठोड्याचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "कितवा महिना?"

मी म्हटलं, कथील किती घालायचं ते सांगा.

"कितवा?"

सांगितलं. झालं! तोफ राहिली बाजूला. कुठे बाळंत होणार? कोण जवळ असणार? न्हाणीघर केवढं आहे? उंबरठा आहे का? — न्हाणीघराला उंबरठा आहे का, हा प्रश्न मला उभ्या जन्मात कोणी विचारला नव्हता. म्हटलं, आहे. तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. "मग लाईमाला बसायला जागा आहे."

लाईमा कोण? तर म्हणाली, उद्या सांगीन, आज तुमचं तोंड कारखान्याचं आहे.

चैत्र शुद्ध ८

आज कारखान्याचं तोंड घरी ठेवून गेलो.

लाईमा त्यांची देवी. प्रत्येक बाळंतपणाला येते. बोलावलं नाही तरी येते. त्यांच्याकडे बाया न्हाणीघरात बाळंत होतात — लाकडी, गावाबाहेर, आत दगड तापवून वाफ केलेली. दाराशी लाईमा बसते. मूल पहिला श्वास घेतं, तेवढ्यात ती त्याचं नशीब बोलते. एकदाच. कुठे राहील, काय खाईल, कधी मरेल.

मी कारकुनासारखे प्रश्न विचारले. मूर्ती? — नाही. देऊळ? — न्हाणीघर. वाहन? — एक पक्षी आहे, कु-कू करणारा. झाड? — आहे, मधमाश्या येतात त्याला, तुमच्याकडे नाही. पुजारी? — सुईण.

म्हटलं, एकदा बोललेलं नशीब बदलता येतं?

"नाही."

तिला तरी?

"तिलाही नाही. चांगलं बोलली तर हसते. वाईट बोलावं लागलं तर तिथेच उंबरठ्यावर बसून रडते."

मला राहवलं नाही. म्हटलं, मग ती देवी कसली? स्वतःच बोलायचं आणि स्वतःच रडायचं!

इळजाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाहतो आकडा चुकलेल्या उमेदवार कारकुनाकडे. "जी रडते, तीच."

घरी येताना सगळी वाट हेच डोक्यात. आपल्या देव्या मारतात, तारतात, अंगात येतात, नवस मागतात. उंबरठ्यावर बसून रडणारी मी ऐकली नव्हती. शनिवारवाड्यासमोर भाजीवाल्यांच्या गर्दीत अंगावर काटा आला! भर उन्हात!

चैत्र शुद्ध ९

रामनवमी. कारखाना बंद.

माडीवर लिहीत बसलो. कुटुंब समोर सूप घेऊन तांदूळ निवडत. गेली आठ वर्षं हेच. मी या बाजूला, पाटावर कागद. ती त्या बाजूला, मांडीवर सूप. एक शब्द बोलत नाही. आणि रोज भातात खडा! आज दोन निघाले. म्हटलं, "अगं, नजर कुठे असते तुझी?" तर म्हणाली, "तांदळात." ठीक आहे. दात माझे आहेत.

चैत्र शुद्ध १२

हिंदुरावांनी माझे कागद पाहिले. बराच वेळ वाचत होते. मग — "हे लाईमा प्रकरण. तांब्यात घालायचं की कथलात?"

मी बोरू कानामागे खोचला.

"नाही, तीन पानं आहे म्हणून विचारतो. किती शेर घालतात? आणि आपल्याकडे रविवार पेठेत मिळेल, का सुरतेहून मागवावं?"

कान लाल होईस्तोवर ऐकून घेतलं. सगळी कचेरी हसत होती. घरी येऊन कुटुंबाला सांगितलं, तर तीही पदर तोंडाला लावून हसली. किती दिवसांनी! मग हसता हसता थांबली, पोटावर हात ठेवला, आणि विचारलं, "ती खरंच रडते?"

चैत्र पौर्णिमा

इळजाबाईला आज मी सांगितलं. एवढं तिचं ऐकतो, तर आपलंही ऐकवावं. म्हटलं, आमच्याकडेही एक आहे. सटवाई. सहाव्या दिवशी येते. मुलाच्या कपाळावर लिहून जाते. राजाचा मुलगा असो की मोळीवाल्याचा, तिच्या हातून सुटत नाही. आम्ही दिवेलागणीला तिची पूजा मांडतो, पाटावर दौत, लेखणी, आणि कोरा कागद ठेवतो.

ती ऐकता ऐकता उभी राहिली. हात तोंडावर. "इथे येते? घरोघर?"

म्हटलं, घरोघर.

"लांब आहे हो इथून…"

मग बसली, आणि पहिल्यांदा स्वतःचं बोलली. तीन मुलं झाली तिला. एक कोचीला दगावलं, दोन गोव्यात. तीनही वेळा तिनं उंबरठ्यावर पाणी ठेवलं, कापडाचा धडपा ठेवला, आणि तीनही वेळा मनात म्हणाली, उगाच ठेवतेय, लाईमा खाऱ्या पाण्यावरून येत नाही. आपण तिला मागे सोडून आलो. आपल्या मुलांचं नशीब कोणी बोललंच नाही, म्हणून ती राहिली नाहीत.

"म्हणजे कोणीतरी होतं," म्हणाली. "माझ्या मुलांजवळ कोणीतरी बसलं होतं."

रडली नाही. मान हलवत राहिली. मी वहाणा हातात घेऊन बाहेर पडलो. पायात घालायचं सुचलं नाही.

चैत्र वद्य २

इथे लिहितोय. दुसरीकडे कुठे लिहिणार?

सात वर्षं झाली. आमचा पहिला, बाबू, झाला तेव्हाची सहावी. पूजेचा कागद मी ठेवला. बोरू नवा तासला, शाई घोटली. आणि कागद समोर आला की माझा हात जे करतो ते त्यानं केलं — वर मध्यभागी "श्री" घातलं! लिहून झाल्यावर कळलं. हा कागद कोरा ठेवायचा असतो. पण इतक्या वर्षांची सवय, कोऱ्या कागदावर आधी श्री. दुसरा कागद घ्यायला हवा होता. मी म्हटलं, राहू दे, श्रीच तर आहे, आणि श्री खाटेकडून सुलटं दिसेल असा पाटावर ठेवला.

सकाळी कागद उचलला. श्रीच्या खाली अक्षरं होती.

खोटं नाही. ओल्या शाईची, थरथरती, वाकडी. एकच लहानशी ओळ. मोडी नाही, बाळबोध नाही, फारशी नाही, फिरंगी नाही. मी चार लिप्या वाचणारा माणूस! तासभर उजेडात धरून बसलो. काही लागलं नाही. आणि घरात लिहिणारा मी एकटा.

मी कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? सटवाईनं माझ्या मुलाचं नशीब माझ्या हातात दिलं आणि मला ते वाचता आलं नाही? की तिच्या कागदावर मी आधी कलम चालवली म्हणून ती कोपली आणि वेडंवाकडं लिहून गेली?

बाबू अकरा महिन्यांचा होऊन गेला.

कुटुंबानं तेव्हा एकदाच विचारलं होतं, कागद कुठे आहे? म्हटलं, नदीत सोडला. सोडला नाही. तांबड्या रुमालात बांधून, सात गाठी मारून, पेटीच्या तळाशी ठेवला. नंतरची मुलगी तिसऱ्याच दिवशी गेली, सहावीपर्यंत पोहोचलीच नाही. मला मनात कुठेतरी बरं वाटलं की कागद ठेवावा लागला नाही. असा बाप मी!

आता पुन्हा ठेवावा लागेल.

चैत्र वद्य ५

कोकिळा ओरडतेय मागच्या आंब्यावर. इळजाबाई म्हणते, लाईमाचा पक्षी हाच नव्हे, पण याच गोतातला. उपाशीपोटी त्याचा पहिला आवाज ऐकू नये म्हणे, वर्ष वाईट जातं.

हे सगळं थोतांड. पहाटे उठल्याबरोबर गुळाचा खडा खाल्ला. कुटुंबालाही दिला.

चैत्र वद्य ९

हिंदुरावांचा निरोप. कृती महिनाअखेर पूर्ण पाहिजे. पूर्ण झाली की इळजाबाईची जागा खाली करायची, ती कारखान्याची आहे. मग ती गोव्याला जाईल, नाहीतर जिथे जायचं तिथे.

वैशाख लागेपर्यंत कुटुंब बाळंत होत नाही.

मी आज इळजाबाईला एकही प्रश्न विचारला नाही. कचेरीत लिहून दिलं — बाईचा घसा बसला आहे. वीस वर्षांत कागदावर खोटं लिहिलं नव्हतं! सही नेहमीसारखीच झोकात आली, याचंच नवल वाटलं.

चैत्र वद्य १३

दोघी सुइणी समोरासमोर! सरुबाई आमच्या आळीची, साठ वर्षांची, निम्म्या पेठेची नाळ तिनं कापलेली. तिला इळजाबाई दाखवली; हिनंही गोव्यात बाळंतपणं केल्येत, हिलाही बोलावणार म्हटलं. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ही गोरी काय करनार?"

इळजाबाईनं मला विचारलं, ही म्हातारी काय म्हणते? मी म्हटलं, तुम्हाला भेटून आनंद झाला म्हणते. दुभाष्याचं काम सोपं नसतं.

खालच्या घरमालकीण तुळजाबाई जिन्यापाशी उभ्या. "शेणव्यांच्या घरात फिरंगीण? विटाळ नाही का?" यावर सरुबाईच उसळली. "बाळंतिनीच्या खोलीत कसला वो इटाळ? धा दिस तुमीच आमाला शिवत न्हाई. तितं समद्या सारख्याच." तुळजाबाई दोन पायऱ्या उतरल्या. सरुबाई मग माझ्याकडे वळून, "ऱ्हाऊ द्या तिला. हात चांगले हायेत. बगितले म्या."

भांडण झालं ते न्हाणीघरावरून. इळजाबाईचा हट्ट, बाळंतपण न्हाणीतच. सरुबाई म्हणे, पोर काय मोरीत टाकायचं हाय? शेवटी न्हाणीलगतची मागची खोली ठरली. मधला उंबरठा लाईमाचा. कुटुंब खाटेवर बसून ऐकत होती. म्हणाली, "दोघीही असू देत. मला भीती वाटते."

असं ती कधी बोलत नाही. मलाही वाटते, म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "कैरी हवी का?"

वैशाख शुद्ध ५

सगळं नीट लिहितो.

पहाटे कळा सुरू झाल्या. गूळ खाल्ला होता. दुपार झाली, काही पुढे सरकेना. मी बाहेर ओट्यावर. आतून कुटुंबाचा आवाज येत होता, मग येईनासा झाला. ते जास्त वाईट.

सरुबाई दारात आली. पदर घामानं ओला. "गाठी सोडा."

कसल्या?

"घरातल्या समद्या. काय बांदून ठिवू नका. पोर अडलंया."

आणि नेमकी त्याच वेळी मागून इळजाबाई, तिच्या भाषेत — सिन्योर, गाठी! झाकणं! कुलपं! सगळं उघडा! दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नाही. एक बर्फातली, एक मुळेच्या काठची. आणि एकाच क्षणी एकच मागणं! मी उभा तिथेच थिजलो. हे यांना कोणी शिकवलं? कोण हिंडतं हे सांगत, एवढ्या मोठ्या पृथ्वीवर, दारोदार?

सरुबाईनं हलवलं तेव्हा भानावर आलो.

धान्याच्या पोत्यांची तोंडं सोडली. लोणच्याच्या बरण्यांचे दादरे काढले. पोहऱ्याचा दोर सोडला. माझी शेंडी सोडली. इळजाबाईनं जानव्याकडे बोट केलं. म्हटलं, ती ब्रह्मगाठ, ती नाही हो सुटायची! सरुबाई म्हणाली, "ती देवाची, ती ऱ्हाऊ द्या." तुळजाबाई खालून धावत आल्या. आपल्या कनवटीची गाठ सोडत, रडत, म्हणत होत्या, खालचंही सगळं सोडलं हो, सगळं सोडलं.

माडीवर कचेरीचे रुमाल. सरकारी कागद, बांधून, वर लाख. हुकमाशिवाय सोडले तर चाकरी जाते. अकरा रुमाल. सगळे सोडले! कागद माडीभर पसरले.

खाली आलो. सरुबाईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "अजून एक हाय."

काही नाही, म्हटलं.

"हाय."

परत वर गेलो. पेटी तळापर्यंत उपसली. तांबडा रुमाल. सात वर्षांत गाठी दगडासारख्या झालेल्या. नखं तुटली. दातांनी सोडल्या. सातवी सुटली तेव्हा मी मोठ्यानं ओरडलो, "आई, सोड तिला!" कोणाला म्हटलं, सटवाईला की लाईमाला, मला माहीत नाही. मला त्या वेळी दोघी दिसत नव्हत्या. एकच होती. उंबरठ्यावर.

कागद हातात घेऊन खाली. इळजाबाई पाणी घ्यायला बाहेर आलेली. तिनं तो घेतला, उलटा धरला. मी सुलटा करून दिला. म्हटलं, हे आमच्या देवीनं लिहिलं माझ्या मुलासाठी. मला वाचता आलं नाही. मूल गेलं.

तिनं त्या ओळीवरून अंगठा फिरवला. "लाईमा लिहीत नाही," म्हणाली. "आणि देवी घाबरत नाही. हा हात घाबरलेला होता." कागद मला परत दिला आणि आत गेली.

जाताना कमरेचा पट्टा सोडला. लाल-पांढरा, विणलेला, अंगावर कायम असतो. तिच्या आईनं विणलेला, तिथून आणलेली एवढी एकच वस्तू. तो तिनं उंबरठ्यावर अंथरला. लाईमाला बसायला. मग आतून गाणं सुरू झालं. हळू, एकाच सुरात, डोंगरावरून कोणी कोणाला हाक मारावी तसं. सरुबाईनंही आपली ओवी धरली. दोन भाषा, दोन सूर, आणि ते एकमेकांत कधी मिसळले मला कळलं नाही. आळी गप्प झाली होती. तांबटांचे हातोडे बंद. खरंच बंद होते की मला ऐकू येत नव्हते?

मी त्या पट्ट्याकडे पाहत होतो. शपथेवर लिहितो. कोणी नव्हतं तिथे. आणि पट्टा मध्यभागी दबला होता, कोणी बसल्यासारखा.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा रडणं ऐकू आलं. मुलगी! दोघी सुखरूप!

इळजाबाई बाहेर आली ती हसत. मी विचारलं, काय बोलली लाईमा? म्हणाली, ते आपल्याला ऐकू येत नाही. पण रडण्याचा आवाज एकीचाच आला ना?

वैशाख शुद्ध ६

अकरा रुमाल बांधले. तांबडा नाही बांधला.

वैशाख शुद्ध ८

इळजाबाईनं एका बैठकीत पूर्ण कृती सांगितली! तांबं, कथील, माती, शेण, साचा किती दिवस सुकवायचा, सगळं. सतरा पानं. म्हटलं, हे महिन्यापूर्वी का नाही सांगितलंत? "महिन्यापूर्वी सांगितलं असतं तर मी आज इथे असते का?" मी एकटाच हुशारी करतोय असं मला वाटत होतं.

हिंदुराव खूश. वाचून झाल्यावर म्हणाले, "यात लाईमा कुठे दिसत नाही." म्हटलं, "ती आमच्या घरी खर्ची पडली." पानं रुमालात ठेवली. मग म्हणाले, मुलगी झाली म्हणे? बाईला तूर्त राहू द्या त्या जागेत, साचे बघायला कोणीतरी लागेलच.

वैशाख शुद्ध १०

आज सहावी.

सकाळपासून चारदा दारातून डोकावलो. पोर गुटगुटीत आहे, दूध ओढते, मुठी आवळते. बाबूही असाच होता.

दिवेलागणीला सरुबाईनं पूजा मांडली. खाटेशेजारी पाट. मी नवा बोरू तासला, शाई घोटली, कागद ठेवला. हात वर मध्यभागी गेला. ओढून धरला! कागद कोरा, पूर्ण कोरा. असा कोरा कागद मी आयुष्यात पाहिला नव्हता. पांढरं काहीतरी तोंड उघडून बसलंय असं वाटत होतं.

कुटुंब खाटेवरून पाहत होती. कागदाकडे नाही, माझ्याकडे. म्हणाली, "श्री नाही घातलंत?"

मी म्हटलं, "तुला कसं माहीत, कागदावर श्री असतं?"

"रोज घालता की."

खरंच, रोज घालतो. समोर बसलेली असते, दिसत असणार. मग विचारलं तिनं, इळजाबाईंच्या देवीला मागितलेलं चालतं का? म्हटलं, त्यांच्या बाया मागतात म्हणे, तोंडानं. बदलत काही नाही, पण मागतात. ती म्हणाली, "तोंडानं मला जमत नाही."

तिला कधीच जमलं नाही. मला तरी कुठे जमतं? पोरीच्या पायाला हात लावला आणि बाहेर आलो. ओट्यावर झोपतोय. उद्या काय वाढून ठेवलंय, तिला ठाऊक.

वैशाख शुद्ध ११

कागद कोरा नाही.

खाटेपाशी उभा राहून पाहिलं. तीच अक्षरं! तीच थरथरती ओळ. पाटाला वळसा घालून पलीकडे गेलो. पण आज वर श्री नव्हतं, तेव्हा कागदाची वरची बाजू कोणती ते ठरलेलं नव्हतं. पाटाच्या या बाजूला मी, त्या बाजूला तिची खाट. रोज माडीवर बसतो तसेच. मी नुसता खाली वाकलो आणि वाचलं. मोडीच आहे.

"जगू दे."

वर धावलो. बाबूचा कागद काढला. श्री खाली करून धरला. "जगू दे."

आठ वर्षं समोर बसून ती उलटी अक्षरं पाहत होती. जशी दिसली तशी शिकली.

झोपली आहे. उजव्या तर्जनीला शाई आहे, थोडी पोरीच्या दुपट्याला लागल्ये. मी देवीचा कोप समजून ज्याला सात गाठी मारल्या, तो माझ्या शकूचा अर्ज होता.

उठली की तिला पाटाच्या या बाजूला घेणार. माझ्या शेजारी.